रक्तात असतो म्हणे खेळ

पॅरिस ऑलिम्पिकच्या अगदी शेवटच्या दिवशी मी आणि माझा चौदा वर्षांचा भाचा सोफ्यावर लोळत पुरुषांच्या हँडबॉलची फायनल बघत होतो. आवड वगैरे काही नाही, बाकीचं सगळं संपत आलं होतं आणि रिमोट सापडत नव्हता, एवढंच कारण. डेन्मार्क विरुद्ध जर्मनी. पहिली दहा-पंधरा मिनिटं आम्हा दोघांनाही काही कळेना. सात-सात जण, बॉल हातात घेऊन तीन पावलं, मग उडी, मग धाडकन गोल, आणि गोलकीपर बिचारा हातपाय फाकवून उभा, म्हणजे बॉल आपणहून येऊन त्याला लागला तर वाचला. पण स्टेडियम गच्च भरलेलं, लोक तोंडं रंगवून आलेले, एकमेकांना मिठ्या मारतायत. डेन्मार्कनं ३९-२६ असा पार धुव्वा उडवला जर्मनीचा. भाचा म्हणाला, "मावशी, हे एवढे वेडे का झालेत? हा गेम तर कोणी खेळतच नाही."

कोणीच नाही म्हणजे आपण नाही. डेन्मार्क हा जेमतेम साठ लाख लोकसंख्येचा देश, त्यांच्या महिला टीमनं १९९६, २००० आणि २००४ अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक गोल्ड या खेळात घेतलीत, आणि त्यांना जर आपण एखादी टेस्ट मॅच दाखवली तर ते पण हेच विचारतील ना, की हे लोक पांढरे कपडे घालून दिवसभर उन्हात का उभे आहेत आणि मध्येच चहाला का गेले.

मी सहज बोलून गेले, "अरे, ज्याच्या त्याच्या रक्तात असतं ते." आणि बोलल्या बोलल्या मलाच खटकलं. कारण हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय. ब्राझीलच्या रक्तात फुटबॉल, केनियाच्या रक्तात पळणं, न्यूझीलंडच्या रक्तात रग्बी. रक्तानं भागलं नाही की हवामान, हवामानानं भागलं नाही की उंची, आहार, स्वभाव. मॅच संपल्यावर स्टुडिओत बसून एक्स्पर्ट बोलतात ना, तसलं आहे हे, आधी निकाल आणि मग त्याला साजेशी कारणं. मग काय, मला नादच लागला, पुढचे कितीतरी दिवस जे मिळेल ते वाचत सुटले. आता माझं मत असं झालंय की रक्ताबिक्ताचा संबंध अगदी थोडा. खेळ कुठे कोणत्या वेळी पोचला, आणि ज्यांनी तो आणला त्यांनी दार उघडं ठेवलं की आतून कडी लावली, यावर बरंच काही ठरतं. आणि आणखी एक, आपल्याला हरवायचंय कोणाला. हे तर सगळ्यात भारी प्रकरण आहे, त्याकडे येतेच.

आधी हवामानाचं उरकून टाकते, कारण भाच्यानं लगेच तेच काढलं. "थंडी असते म्हणून ते इनडोअर खेळतात." बरोबर आहे, बर्फ नसेल तर स्केटिंग कसं करणार. हॉलंडमध्ये फ्रीसलंड म्हणून भाग आहे, तिथे गोठलेल्या कालव्यांवरून अकरा गावं जोडणारी जवळजवळ २०० किलोमीटरची स्केटिंगची शर्यत असते, एल्फस्टेडनटोख्त. १९०९ पासून ती फक्त १५ वेळा झालीय, कारण अख्ख्या वाटेवर साधारण १५ सेंटिमीटर जाडीचा बर्फ असल्याशिवाय ती घेतच नाहीत. शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ ला. त्यानंतर नाहीच! तरी दर हिवाळ्यात थंडी जरा वाढली की सगळा देश बर्फाची जाडी मोजत बसतो. १९८६ मध्ये तर तिथला युवराज, म्हणजे आत्ताचा राजा, खोटं नाव लावून त्यात उतरला होता. आता हे वेड बर्फाशिवाय शक्य नाही, मान्य. पण बर्फ कॅनडातही आहे आणि तिथे त्याच बर्फावर आइस हॉकी आली. ३ मार्च १८७५ ला मॉन्ट्रियलच्या एका स्केटिंग रिंकमध्ये पहिली इनडोअर मॅच झाली, त्यात बॉलच्या जागी लाकडाची चपटी चकती वापरली, प्रेक्षकांना लागू नये म्हणून. बर्फ तोच, पण एकाला लांबवर सरकत जायचं वेड आणि दुसऱ्याला चकतीमागे धावून एकमेकांना भिंतीवर आपटायचं. म्हणजे हवामान फारतर सांगतं काय जमणार नाही, काय आवडेल ते सांगत नाही. आणि कधीकधी तेही धड सांगत नाही. पाऊस पडला की थांबवावा लागतो असा पाच दिवसांचा खेळ ज्या देशात काढला तो देश इंग्लंड आहे, यावर कोणी हवामानाची थिअरी लावून दाखवावी.

आता अमेरिका. भाच्याचा पेट प्रश्न हाच, "अमेरिकेत क्रिकेट का नाही?" त्याला वाटत होतं की त्यांना कळत नाही म्हणून. मी त्याला सांगितलं की जगातली पहिली इंटरनॅशनल क्रिकेट मॅच अमेरिकेत झाली होती, न्यूयॉर्कमध्ये, १८४४ साली, अमेरिका विरुद्ध कॅनडा, तर तो हसायलाच लागला. खरंय पण. कॅनडा २३ रन्सनी जिंकलं होतं. आणि इंग्लंडची टीम पहिल्यांदा परदेश दौऱ्यावर गेली १८५९ मध्ये, ती ऑस्ट्रेलियाला नाही, उत्तर अमेरिकेला. म्हणजे खेळ पोचला होता, लवकर पोचला होता, चांगला रुजतही होता. मग माशी शिंकली कुठे?

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. लाखो तरुण पोरं छावण्यांमध्ये, दोन लढायांच्या मध्ये नुसती बसून. क्रिकेटला पिच लागतं, ते सपाट करा, गवत कापा, रोलर फिरवा, मग दोन-दोन दिवस खेळा. बेसबॉलला चार पोती टाकली की बेस झाले, कुठल्याही माळावर चालतं, आणि दोन-तीन तासात मॅच खलास. वेगवेगळ्या राज्यांतली पोरं एकाच छावणीत शिकली आणि युद्ध संपल्यावर आपापल्या गावी घेऊन गेली. १८७६ मध्ये त्यांची नॅशनल लीगसुद्धा सुरू झाली, म्हणजे तिकीट लावून, पगार देऊन, व्यवस्थित धंदा. क्रिकेट मात्र फिलाडेल्फियासारख्या ठिकाणी बड्या लोकांच्या क्लबात जाऊन बसलं, झकास लॉन, झकास कपडे, आणि बाहेरच्यांना आत यायची फारशी सोय नाही. तिथे बार्ट किंग नावाचा बॉलर होऊन गेला, १९०८ च्या दौऱ्यात त्यानं इंग्लंडमध्ये जाऊन तिथल्या सगळ्या बॉलर्सना ॲव्हरेजमध्ये मागे टाकलं होतं. आणि पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स स्थापन झाली. इम्पीरियल! म्हणजे साम्राज्यातलेच पाहिजेत. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, संपली यादी. अमेरिकेला आत यायला १९६५ उजाडलं, तोवर कोणाला पडलीय.

मला यातली सगळ्यात गमतीची गोष्ट कुठली वाटली सांगू? बेसबॉल हा इंग्लंडच्या पोरांच्या बॅट-बॉलच्या खेळांमधून आलेला आहे हे कोणी म्हटलं की अमेरिकनांना झोंबायचं. मग १९०५ मध्ये चक्क एक कमिशन बसवलं, खेळाचा उगम शोधायला. कमिशननं दोन-अडीच वर्षांनी निष्कर्ष काढला की हा खेळ १८३९ मध्ये कूपर्सटाउन गावात ॲबनर डबलडे यांनी शोधला, जे पुढे यादवी युद्धात जनरल झाले. पुरावा म्हणजे एका म्हाताऱ्या गृहस्थांची आठवण. डबलडे त्या वर्षी मिलिटरी ॲकॅडमीत शिकत होते, आणि स्वतः त्यांनी आयुष्यात कधी असा दावा केला नाही. तरी बेसबॉलचं हॉल ऑफ फेम १९३९ मध्ये त्याच गावात उघडलं आणि आजही तिथेच आहे. खेळ आपलाच असला पाहिजे ही जी खाज असते ना लोकांना, तिच्यापुढे कागदपत्रांचं काय चालतं!

फुटबॉलची गोष्ट याच्या बरोबर उलटी. त्याचे रूल्स १८६३ मध्ये लंडनमध्ये ठरले आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत तो जगभर गेला, पण सैन्याबरोबर कमी आणि नोकरीधंद्याला गेलेल्या लोकांबरोबर जास्त. रेल्वेचे इंजिनिअर, बंदरातले क्लार्क, खाणवाले, शाळामास्तर. स्पेनमध्ये वेल्व्हाला ब्रिटिश लोक तांब्याच्या खाणीसाठी गेले, तिथे १८८९ मध्ये क्लब निघाला. उरुग्वेचा जो पेन्यारोल क्लब आहे तो मुळात रेल्वेचा क्रिकेट क्लब. हो, क्रिकेट. अर्जेंटिनात अलेक्झांडर वॉटसन हटन नावाच्या स्कॉटिश मास्तरांनी १८८४ मध्ये शाळा काढली आणि पोरांना फुटबॉल शिकवला, आज त्यांना तिथे अर्जेंटिनाच्या फुटबॉलचे जनक म्हणतात. ब्राझीलमध्ये चार्ल्स मिलर इंग्लंडमधून शिकून १८९४ मध्ये परत आला तो बॅगेत दोन फुटबॉल आणि रूल्सचं पुस्तक घेऊन. म्हणजे ज्यांच्या रक्तात फुटबॉल आहे असं आपण म्हणतो ते रक्त बोटीतून आलं, साउदॅम्प्टनहून.

आणि इथे दाराचा मुद्दा परत येतो. इटलीत जेनोआचा क्लब १८९३ मध्ये निघाला, नाव जेनोआ क्रिकेट अँड ॲथलेटिक क्लब, आणि सुरुवातीला मेंबर फक्त ब्रिटिश. मग जेम्स स्पेन्सली नावाचे एक डॉक्टर आले, त्यांनी तीन-चार वर्षांतच इटालियन लोकांना आत घेतलं. बस्स. मिलानचा क्लब पण १८९९ मध्ये इंग्रजांनीच काढलेला, म्हणून तर शहराचं नाव इटालियनमध्ये मिलानो असलं तरी क्लब आजही मिलान. मुसोलिनीच्या काळात जबरदस्तीनं नाव बदलून मिलानो केलं होतं, तो गेल्यावर यांनी पहिलं इंग्रजी नाव परत लावलं. परकं नाव, परका खेळ, आणि ते आपलं म्हणून त्यासाठी भांडणं. जर्मनीत तर व्यायामशाळावाले फुटबॉलला इंग्लिश रोग म्हणायचे, १८९८ मध्ये एका व्यायामशिक्षकानं त्याच्याविरुद्ध अख्खी पुस्तिका लिहिली, की हे लाथा मारणं काय, माकडासारखं वाकणं काय. त्या जर्मनीकडे आज चार वर्ल्ड कप आहेत.

लोक म्हणतात फुटबॉल स्वस्त म्हणून पसरला. आहे थोडं खरं. पण मग पळणं त्याहून स्वस्त, कुस्ती त्याहून स्वस्त. आणि आइस हॉकीची किट बघितलीत का कधी. पैशानं खेळ अडतो किंवा सुटतो, पण लोक पेटतात ते दुसऱ्याच कशानं तरी.

ते दुसरं म्हणजे मघाशी म्हटलं ते, हरवायचंय कोणाला. जपानमध्ये बेसबॉल १८७२ मध्ये होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकानं नेला. वीसेक वर्षं तो शाळा-कॉलेजातला एक खेळ होता. योकोहामात परदेशी लोकांचा एक क्लब होता आणि तोक्योच्या इचिको शाळेची पोरं त्यांना सारखी मॅच मागत होती, क्लबवाले वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिले, की तुमच्याशी काय खेळायचं. शेवटी २३ मे १८९६ ला तयार झाले. पोरं वॉर्मअप करत होती तेव्हा प्रेक्षकातले परदेशी लोक त्यांची हुर्यो उडवत होते. आणि स्कोअर लागला २९-४, शाळेच्या बाजूनं! अमेरिकनांनी परत मॅच मागितली, त्यात ३२-९. मला सांगा, त्यानंतर त्या देशात दुसरा कुठला खेळ पहिल्या नंबरला येणार होता? त्या काळात जपानवर असमान करार लादलेले होते, परदेशी लोकांना तिथला कायदा लागू नव्हता, आणि तिथे अठरा-वीस वर्षांची पोरं त्यांच्याच खेळात त्यांना झोडपतात.

तिथल्या शाळांची जी मोठी स्पर्धा आहे कोशिएन, ती १९१५ पासून चालू आहे. हरलेल्या टीमची पोरं ग्राउंडवरची माती पिशवीत भरून रडत रडत घरी नेतात. १९५८ मध्ये ओकिनावाची एक शाळा पहिल्यांदा तिथे पोचली, पहिल्याच मॅचला हरली, पोरांनी रिवाजाप्रमाणे माती घेतली. पण ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात, म्हणजे कागदोपत्री परदेश, आणि परदेशातली माती आणायला बंदी. बंदरावर सगळी माती समुद्रात ओतायला लावली. ही बातमी वाचून विमानातल्या एका एअरहोस्टेसनं कोशिएनचे दगड त्या शाळेला पाठवून दिले, कारण दगड म्हणजे माती नाही, त्याला नियम लागत नाही. हे भाच्याला सांगताना माझाच आवाज जरा बसला होता, तो म्हणाला मावशी पाणी आणू का.

क्यूबाचंही असंच. १८६० च्या दशकात अमेरिकेत शिकायला गेलेली पोरं बेसबॉल घेऊन आली. क्यूबावर राज्य स्पेनचं आणि स्पॅनिश लोकांचा तमाशा म्हणजे बैलांची झुंज. स्वातंत्र्याची लढाई पेटल्यावर १८६९ मध्ये स्पॅनिश सरकारनं बेसबॉलवर बंदी घातली. आता बंदी घातल्यावर काय होणार ते सरकारला सोडून सगळ्यांना कळतं. बैलांची झुंज म्हणजे जुनं राज्य, बेसबॉल म्हणजे आपण, असं सरळ गणित झालं, आणि लढाईतून पळून गेलेले क्यूबन लोक शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये तोच खेळ घेऊन गेले. आज अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये त्या छोट्या देशाचे प्लेअर भरलेले असतात.

पण या बाबतीत सगळ्यात टोकाला गेले ते आयरिश. इतरांनी काय केलं, साहेबाचा खेळ शिकून साहेबाला हरवलं. आयरिश म्हणाले तुमचा खेळच नको. १८७० च्या सुमाराला आयर्लंडच्या बऱ्याच भागांत क्रिकेट चांगलं जोरात होतं, हे आज तिथल्या लोकांनाही खरं वाटत नाही. मग १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात काही मंडळी जमली, मायकेल क्युसॅक वगैरे, आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशन काढली, आपला हर्लिंग आणि आपला गेलिक फुटबॉल जगवायला. पुढे नियम आला की मेंबरनं क्रिकेट, रग्बी, फुटबॉल, हॉकी हे परके खेळ खेळायचे नाहीत आणि बघायलाही जायचं नाही. बघायलाही! लपून बघायला जाणारे मेंबर पकडायला त्यांनी नजर ठेवणारी माणसं नेमली होती, म्हणजे मॅच बघायची परवानगी फक्त हेरांना. १९३८ मध्ये तर कहरच झाला, डग्लस हाइड, देशाचे पहिले प्रेसिडेंट, ज्यांनी आयरिश भाषेसाठी आयुष्य घातलं तो माणूस, प्रेसिडेंट म्हणून पोलंडविरुद्धची फुटबॉल मॅच बघायला गेले, तर संघटनेनं त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. हा नियम १९७१ पर्यंत चालू होता.

हे वाचून आधी हसू येतं. पण डब्लिनच्या क्रोक पार्कवर २१ नोव्हेंबर १९२० ला गेलिक फुटबॉलची मॅच चालू असताना ब्रिटिशांच्या पोलिसांनी गोळीबार केला, १४ माणसं गेली, त्यात मायकेल होगन नावाचा खेळाडूसुद्धा. तिथल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे. ज्या खेळासाठी माणसं मेलीत तो खेळ मनोरंजन राहत नाही मग. २००७ मध्ये त्याच ग्राउंडवर इंग्लंडची रग्बी टीम खेळायला आली, इंग्लंडचं राष्ट्रगीत सुरू झालं, आणि सगळ्या स्टेडियमनं शांतपणे ऐकून घेतलं. मग आयर्लंडनं त्यांना ४३-१३ नं कुटलं. (हे जास्त आयरिश वाटलं मला.)

तर मग एकाच माणसामुळे काही होतं का? होतं की, आणि हा भाग मला सगळ्यात आवडला. पेशावरजवळ नवाकिले नावाचं एक गाव आहे. पेशावरमध्ये ब्रिटिश ऑफिसरांचा क्लब, त्यात स्क्वॉशची कोर्टं, त्यांना छप्पर नव्हतं. बॉल भिंतीवरून बाहेर गेला की आणून द्यायला गावातली पोरं असायची. त्यातला एक हाशिम खान. दुपारी साहेब लोक उन्हामुळे घरात असायचे तेव्हा हा अनवाणी त्या तापलेल्या फरशीवर एकटाच खेळायचा. १९५१ मध्ये, पस्तिशी उलटून गेल्यावर, जेव्हा बाकीचे रिटायर होतात, तेव्हा तो पहिल्यांदा ब्रिटिश ओपनला गेला आणि जिंकून आला. एकूण सात वेळा जिंकला. मग त्याचा भाऊ आझम, नात्यातला रोशन, रोशनचा मुलगा जहांगीर, जो पाच वर्षांहून जास्त काळ एकही मॅच हरला नाही, मग त्याच गावचा जानशेर. १९८२ ते १९९७ अशी सलग सोळा वर्षं ब्रिटिश ओपन या दोघांकडेच होती. एका गावाकडे! आता याला रक्त म्हणणार का? म्हणतातच लोक. पण मग नंतर ते रक्त गेलं कुठे, कारण आज स्क्वॉश म्हणजे इजिप्त. रक्त आटत नाही एवढ्या लवकर. क्लबची कोर्टं, घरातला काका शिकवणारा, समोर जिंकून आलेला चुलतभाऊ दिसतोय, ही साखळी होती, ती तुटली की संपलं.

केनियाचं पण सांगते. तिथल्या रिफ्ट व्हॅलीत इतेन म्हणून गाव आहे, २४०० मीटर उंचीवर, तिथून ढिगानं चॅम्पियन आले. लगेच लोक म्हणतात उंची. अहो, उंचीवर तर नेपाळ आहे, बोलिव्हिया आहे. इतेनच्या शाळेत १९७६ मध्ये ब्रदर कोल्म ओकॉनेल नावाचे भूगोलाचे मास्तर आले, आयरिश मिशनरी, पळण्यातलं शिक्षण शून्य. तेच कोच झाले. २०१२ मध्ये लंडनला ८०० मीटरचं वर्ल्ड रेकॉर्ड १:४०.९१ करणारा डेव्हिड रुडिशा त्यांचाच. अर्थात त्यांच्याआधी किपचोगे केइनोनं १९६८ ला मेक्सिकोत गोल्ड आणलं होतं, म्हणजे शाळेतल्या पोरांना दिसत होतं की यातून कुठेतरी पोचता येतं. उंची, मास्तर, आणि डोळ्यासमोर एक जिंकलेला माणूस, तिन्ही लागतं.

लिथुआनियातही असाच एक जण, फ्रँक लुबिन, लिथुआनियन आईबापांचा अमेरिकेत वाढलेला मुलगा. १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून बास्केटबॉलचं गोल्ड घेतलं आणि मग आईबापांच्या देशात जाऊन त्यांना शिकवलं. १९३७ आणि १९३९ ला लिथुआनिया युरोपचा चॅम्पियन. १९४० मध्ये देशच रशियानं गिळला. मग पन्नास वर्षं झेंडा नाही, टीम नाही, फक्त बास्केटबॉल होतं. १९८८ ला सोव्हिएत युनियननं जे गोल्ड जिंकलं त्या टीमचे मेन चार प्लेअर लिथुआनियाचे होते, आणि १९९२ ला स्वतंत्र देश म्हणून ब्राँझ घेतलं ते जुन्या सोव्हिएत देशांच्या टीमला हरवून.

सरकारनं ठरवलं तर? चीनचं टेबल टेनिस बघा. तैवानच्या भांडणावरून चीन १९५८ मध्ये ऑलिम्पिकमधून बाहेर पडला, पण टेबल टेनिसच्या जागतिक संघटनेनं त्यांना आधीच मेंबर करून घेतलं होतं. म्हणजे जगाला दाखवायला जी थोडी दारं उघडी राहिली त्यातलं हे एक. १९५९ ला रोंग ग्वोतुआन वर्ल्ड चॅम्पियन झाला, कुठल्याही खेळातला नव्या चीनचा पहिला, १९६१ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप बीजिंगलाच भरवली, आणि शाळाशाळांत सिमेंटची टेबलं. लहान हात आणि चपळ शरीर वगैरे जे आपण बोलतो ते सगळं नंतरचं.

आपल्याकडचं थोडक्यात, कारण त्यावर भांडणं फार होतात. १९२८ पासून हॉकीत लागोपाठ सहा गोल्ड होती आपल्याकडे. रक्तात वगैरे म्हणायला एवढं पुरे होतं की नाही? १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये पहिल्यांदा ऑलिम्पिक हॉकी कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो. सात वर्षांनी लॉर्ड्सवर क्रिकेटचा वर्ल्ड कप, तेवढ्यात घरोघरी टीव्ही येत होते. एक खेळ महागड्या मैदानावर गेला आणि दुसरा हॉलमध्ये आला. क्रिकेटवाल्यांनी हॉकी मारली असं जे म्हणतात ते मला पटत नाही, खुर्ची रिकामी झाली होती आणि कोणीतरी बसणारच होतं.

तरीही कोणाला रक्ताचंच म्हणायचं असेल तर त्यांनी ऑस्ट्रेलियाचा नकाशा बघावा. मेलबर्नच्या क्रिकेटवाल्यांना हिवाळ्यात काहीतरी पाहिजे होतं म्हणून १८५९ मध्ये त्यांनी स्वतःच्या फुटबॉलचे रूल्स लिहिले, इंग्लंडचे पक्के रूल्स यायच्या आधी. सिडनीला रग्बी रुजली. आज दीडशे वर्षांनीही तीच विभागणी आहे, एका इतिहासकारानं १९७८ मध्ये त्या रेषेला गमतीनं बरासी लाइन नाव दिलं, रॉन बरासी या फुटबॉलपटूवरून. भाषा तीच, लोक तेच, ऊनही तेच, आणि रेषेच्या अलीकडच्याला पलीकडच्याचा खेळ बोअर होतो.

हे सगळं ऐकून भाच्यानं विचारलं की मग खेळ नेणाऱ्यानं नेला, पण घेणाऱ्यानं तो तसाच घेतला का. तेव्हा त्याला ट्रॉब्रियंड बेटांचं सांगितलं, पापुआ न्यू गिनीतली. तिथे १९०३ च्या सुमाराला एका मिशनऱ्यानं क्रिकेट नेलं, गावागावांतल्या मारामाऱ्या थांबाव्यात म्हणून. लोकांनी घेतलं आणि पार आपलं करून टाकलं. टीममध्ये चाळीस-पन्नास जण सुद्धा चालतात, दोन्हीकडे सारखे असले म्हणजे झालं, बॉल भाल्यासारखा फेकायचा, विकेट पडली की सगळ्यांनी मिळून नाचायचं, आणि मॅच नेहमी यजमान टीमच जिंकते, कारण जेवण त्यांनी घातलेलं असतं. भाचा म्हणाला हे बेस्ट आहे, होम ॲडव्हान्टेज म्हणजे असा.

हँडबॉलचं राहिलंच. त्याचे पहिले रूल्स डेन्मार्कच्या होल्गर नील्सन नावाच्या शाळामास्तरांनी १८९८ मध्ये केले, आणि सांगतात असं की शाळेच्या आवारात फुटबॉलनं खिडक्यांच्या काचा फुटायच्या म्हणून पोरांना हातानं खेळायला लावलं. परत शाळा, परत मास्तर.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं मित्र गोळा केले आणि खाली पार्किंगमध्ये हँडबॉल सुरू केला. मला गॅलरीतून ऐकू येत होतं, तो तावातावानं समजावत होता, तीन पावलं, मग टाकायचा, गोलकीपरच्या सर्कलमध्ये पाय नाही ठेवायचा. मी आत जाऊन कपडे घड्या करून परत येईपर्यंत पंधरा मिनिटं झाली असतील. तोच बॉल, तीच पोरं, गोलपोस्ट म्हणून ठेवलेली सायकल आता स्टंप झाली होती आणि कोणीतरी ओरडत होतं, एक टप्पा आउट, एक टप्पा आउट!